जुईचा लुपस कसा सापडला

माझ्या सासूबाई लघवी बघण्यात रमतात, असं लग्नानंतर पंधरा दिवसांत मी ग्वाल्हेरला आईला फोनवर सांगितलं, तेव्हा तिने आधी फोनचा आवाज वाढवला. मग आई म्हणाली, "श्रुती, नीट बोल." पण मी नीटच बोलत होते.

शशिकला देशकर. वय अठ्ठावन्न, राहणार अवधपुरी, भोपाळ. पस्तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. त्यांचे वडील छप्पन्न साली नागपूरहून सचिवालयाच्या फायलींबरोबर भोपाळला आले आणि शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये पाच मुलं वाढवली. त्यातली ही चौथी. मेडिकलला नंबर दोन मार्कांनी हुकला, म्हणून लॅबचा डिप्लोमा केला. पहिल्या दिवशी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि दुपारचा डबा खायचा विसरल्या, असं आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, अजून सांगतात. सासूबाईंना मी आईच म्हणते.

लॅब आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर. मालक डॉक्टर अद्वैत बोकारे, चाळिशीच्या आतले, हुशार आणि नेहमी घाईत. ते संध्याकाळी येऊन रिपोर्टवर सही करतात. गेल्या वर्षी त्यांनी लघवी तपासायचं मशीन आणलं. रंगीत पट्टी आत सरकवली की अर्ध्या मिनिटात कागद बाहेर. "ताई, आता प्रत्येक सँपल मायक्रोस्कोपखाली बघायची गरज नाही," ते म्हणाले. आईंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून पूर्वीसारखंच प्रत्येक सँपल सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, तळाचा थेंब काचेवर घेऊन बघायला लागल्या. "मशीनला रंग कळतो. आकार कळत नाही," एवढंच त्यांचं उत्तर.

सप्टेंबरातला गुरुवार होता. अकराच्या सुमाराला जुई पिंपळीकर लॅबमध्ये आली. बावीस वर्षांची, उंच, रुंद खांद्यांची. आमच्याच कॉलनीच्या मागच्या गल्लीत राहते. तिची आई शोभाताई शाळेत गणित शिकवतात, वडील इटारसीला रेल्वेत. जुई मोठ्या तलावात कयाक, म्हणजे निमुळती होडी, चालवते आणि राज्याच्या संघात आहे. कॉलनीतल्या सगळ्यांना तिचा अभिमान, कारण आमच्या कॉलनीतून दुसरं कुणी कशातच राज्यापर्यंत पोचलेलं नाही.

त्या दिवशी ती आली तेव्हा तिला काचेचा दरवाजा ढकलता येईना. काउंटरवरची अंजुम उठून धावली.

"अरे, हाथ में क्या हो गया?"

"सुबह मुठ्ठी नहीं बनती," जुई म्हणाली. "बारा वाजेपर्यंत ठीक होतं."

मे महिन्यापासून हे चालू होतं. आधी बोटं आखडायला लागली. कोच म्हणाले, चप्पू, म्हणजे वल्हं, जास्त घट्ट धरतेस. मग बारीक ताप. डॉक्टर म्हणाले, व्हायरल. गालांवर लाली आली. सगळे म्हणाले, पाण्यावरचं ऊन. केस गळायला लागले तेव्हा शोभाताईंनी तेल बदललं. दुसऱ्या डॉक्टरांनी चिकनगुनिया म्हटलं, तिसऱ्यांनी संधिवाताची एक तपासणी केली, ती निगेटिव्ह आली, आणि ते म्हणाले, टेन्शन घेऊ नको, खेळाडूंचं असं होतं. आता पाय सुजायला लागले होते, म्हणून घराजवळच्या डॉक्टरांनी रक्त आणि लघवी लिहून दिली होती.

आईंनी रक्त काढलं. सुई टोचताना माणसाच्या चेहऱ्याकडे बघायची त्यांची सवय आहे; चक्कर येणारा माणूस त्यांना आधीच कळतो. जुईच्या दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर लाली होती. पण नाकपुडीच्या बाजूला जी घडी पडते, ती स्वच्छ होती. उन्हाने भाजलेला चेहरा असा घडी सोडून भाजत नाही, एवढं आईंच्या मनात येऊन गेलं.

रक्ताच्या मशीनने आकडे दिले. पांढऱ्या पेशी एकतीसशे, प्लेटलेट ब्याण्णव हजार. दोन्ही कमी. सप्टेंबरातल्या भोपाळमध्ये एवढं दिसलं की सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द. "डेंगू," अंजुम म्हणाली. मग लघवीच्या मशीनचा कागद आला: प्रोटीन तीन प्लस, रक्त दोन प्लस.

"पाळी चालू आहे का ग?" आईंनी बाहेर डोकावून विचारलं.

"नाही काकू. दोन हफ्ते झाले."

आईंनी सँपल फिरवलं, थेंब काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली, उजेड कमी केला. पुढचं मला अंजुमने सांगितलं. आतून स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ, "अंजुम! दार लाव! पंखा बंद कर! कुणी या टेबलाला हात लावू नका!"

अंजुमला वाटलं साप निघाला.

काचेवर एक कांडी होती. सरळ, दोन्ही कडा समांतर, विटकरी रंगाची, आणि आत लाल पेशी दाटीने चिकटलेल्या. आईंनी काच जरा सरकवली. दुसरी कांडी. आणखी सरकवली. तिसरी, जरा मोडलेली. पस्तीस वर्षांत इतक्या स्पष्ट कांड्या त्यांनी मोजून तीनदा पाहिल्या होत्या.

त्यांनी मला नंतर ओट्यापाशी पोळ्या लाटता लाटता समजावलं. मूत्रपिंडात केसाहून बारीक नळ्या असतात. रक्त मूत्रपिंडातच झिरपत असेल तर लाल पेशी त्या नळीत अडकतात, नळीच्या आकाराची कांडी तयार होते आणि लघवीबरोबर वाहून येते. खड्याचं रक्त, पाळीचं रक्त, मूत्राशयाचं रक्त, त्यात ही कांडी येत नाही. "आणि सँपल शिळं झालं की ती विरघळून जाते. दोन तासांनी बघितलं असतं तर काही दिसलं नसतं. काही म्हणजे काही नाही!" पोळी तव्यावर करपली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

मोबाइल मायक्रोस्कोपच्या वरच्या भिंगाला लावून त्यांनी फोटो काढले. पहिले सहा हलले. सातवा छान आला. तो त्यांनी डॉक्टर बोकारेंना पाठवला आणि लगेच फोन लावला.

"सर, फोटो बघा."

"ताई, मी मीटिंगमध्ये…" मग खुर्ची सरकल्याचा आवाज, अगदी आईंच्याच स्टुलासारखा. "हे कुणाचं आहे?"

आईंनी सांगितलं. लघवी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. मग जरा अडखळत म्हणाल्या, "सर, निदान करणं माझं काम नाही. पण मुलीच्या गालावर लाली आहे, नाकाची घडी सोडून. बोटं सकाळी आखडतात. केस विरळ झालेत. हे सगळं वेगवेगळं असेल असं मला वाटत नाही."

"मलाही नाही वाटत," डॉक्टर बोकारे म्हणाले. "मी येतोय. तिला घरी जाऊ देऊ नका."

पंचवीस मिनिटांत ते पोचले. मायक्रोस्कोपला डोळा लावून उभ्यानेच बघत राहिले. डेंग्यूची तपासणीही त्यांनी तिथेच लावली, ती निगेटिव्ह आली. मग त्यांनी जुईच्या डॉक्टरांना फोन केला, दोघांचं बोलणं झालं, आणि हबीबगंजच्या बाजूला एका हॉस्पिटलात बसणाऱ्या डॉक्टर गौरी मुजुमदारांची वेळ मिळवली. संधिवाताच्या तज्ज्ञ. "आत्ता आणा," त्या म्हणाल्या. "उद्या नाही, आत्ता."

त्या दिवशी मी शिकवते त्या शाळेत तिमाही परीक्षा होती, मी साडेबाराला घरी आले होते. बॅग ठेवते तोच आईंचा फोन.

"श्रुती, गाडी काढ."

"काय झालं? बाबा…"

"बाबा ठीक आहेत. तू गाडी काढ, मी चौकात उभी आहे!"

चौकात आई उभ्या होत्या, अंगात लॅबचा पांढरा कोट, हातात सँपलचा थर्मासचा डबा. जुई शेजारी, चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह. शोभाताई शाळेतून थेट तिकडे येणार होत्या. गणेशोत्सवाच्या झाँक्यांमुळे, म्हणजे देखाव्यांच्या मांडवांमुळे, निम्मे रस्ते अडवलेले. प्रत्येक मांडवापाशी मी गाडी वळवायची आणि मागून आई म्हणायच्या, "डावीकडून घे, गल्लीतून घे, श्रुती, हॉर्न वाजव!" एरवी मला चाळीसच्या वर जाऊ न देणारी ही बाई.

जुईने मागे वळून विचारलं, "काकू, सीरियस आहे का?"

आईंनी डब्याचं झाकण पुन्हा घट्ट केलं. मग म्हणाल्या, "ते डॉक्टर सांगतील. मी एवढंच सांगते, काहीतरी आहे. तुझ्या मनाचे खेळ नाहीत."

जुई खिडकीकडे वळली. मला तिरक्या नजरेने दिसलं, ती रडत होती आणि हसतही होती. "चार महिने सगळे म्हणत होते, कुछ नहीं है. मलाच वाटायला लागलं होतं की मी नाटक करतेय."

डॉक्टर गौरी मुजुमदार बुटक्या, मोठ्या आवाजाच्या, आणि त्यांना प्रश्न विचारायची विलक्षण हौस. शोभाताई पोचेपर्यंत त्यांनी जुईचे हात दाबून प्रत्येक सांधा तपासला होता. केस किती गळतात? उशीवर पडतात की फणीत? थंड पाण्यात बोटं निळी पडतात का? खोल श्वास घेतला की छातीत टोचतं? उन्हात गेलं की ताप वाढतो?

"दौड के बाद नाही," जुई म्हणाली, "पण धूप में प्रॅक्टिस झाली की दोन दिवस आजारी असते."

"तोंड उघड. मोठा आ कर." टॉर्चच्या उजेडात टाळूवर दोन व्रण दिसले. "हे दुखत नाहीत?"

"हे आहेत, हेच मला माहीत नव्हतं."

"न दुखणारेच मला हवे होते!" डॉक्टर टेबलावर हात आपटून म्हणाल्या, आणि मग शोभाताईंचा चेहरा बघून एकदम मवाळ झाल्या. "सॉरी ताई. इतके दिवस सुटी सुटी असलेली माहिती जुळायला लागली की मला राहवत नाही. बसा. मी सांगते."

त्यांनी लुपस हा शब्द पहिल्यांदा उच्चारला. शोभाताईंनी तो कधी ऐकला नव्हता. शरीरात जंतूंशी लढायला ज्या अँटिबॉडी तयार होतात, त्या या आजारात आपल्याच पेशींच्या केंद्रकावर उलटतात. म्हणून तो एका जागी राहत नाही: सांधे, कातडी, रक्त, मूत्रपिंड.

"पण याची एक अशी टेस्ट नाही," त्या म्हणाल्या. "साखर मोजली की डायबिटीस, असं इथे नसतं. एएनए नावाची तपासणी आज करू. ती निगेटिव्ह आली तर मी बहुतेक दुसरीकडे शोधायला लागेन. पॉझिटिव्ह आली म्हणजे लुपस असंही नाही. चांगल्या धडधाकट माणसांतही ती पॉझिटिव्ह येते. तो फक्त दरवाजा आहे. आत शिरून बाकीचं बघावं लागतं."

मग त्यांनी तो सातवा फोटो स्क्रीनवर मोठा केला. "हे कुणी पाहिलं?"

आईंनी, कोट घातलेला असूनही, वर्गातल्या मुलीसारखा हात वर केला.

"तुम्ही मायक्रोस्कोपने बघितलंत? मशीन असूनसुद्धा?"

"मशीनला आकार कळत नाही," आई हळूच म्हणाल्या.

डॉक्टर मुजुमदार खुर्चीतून उठल्या आणि टेबलाला वळसा घालून आईंचे दोन्ही हात धरले. "मूत्रपिंडाचं दुखणं दुखत नाही हो. मुली येतात तेव्हा अर्धं काम बिघडलेलं असतं. हिचं अजून हातात आहे."

जुईचं ब्लड प्रेशर दीडशेच्या वर होतं. बावीस वर्षांच्या खेळाडूचं! तिला त्याच दुपारी दाखल करून घेतलं.

पुढचे चार दिवस आमच्या घरात कुणाला काही सुचलं नाही. बाबा सकाळी चहाबरोबर विचारायचे, "रिपोर्ट आला?" पराग, माझा नवरा, ऑफिसातून मेसेज करायचा, "आला का?" आई लॅबमध्ये काम करायच्या आणि दर तासाला शोभाताईंना फोन.

शनिवारी हॉस्पिटलच्या लॅबमधून आईंनाच फोन आला. तिथल्या मुख्य पॅथॉलॉजिस्टना डॉक्टर मुजुमदारांनी सांगितलं होतं. "ताई, एएनएची काच बघायला येता का?"

मीही गेले. आत पूर्ण काळोख केलेली छोटी खोली. आईंनी हे फक्त पुस्तकात वाचलं होतं. त्यांच्या लॅबमध्ये असं यंत्र नाही, ती सँपल बाहेर पाठवतात. काचेवर प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी असतात. त्यावर रोग्याच्या रक्तातला पाणीदार भाग टाकतात. त्यात केंद्रकाला चिकटणाऱ्या अँटिबॉडी असतील तर त्या चिकटून बसतात, आणि मग चमकणारं रसायन घातलं की त्या उजळतात.

आई वाकल्या. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. "अग बाई," त्या म्हणाल्या. आणि डोळा काही काढेनात. शेवटी मीच त्यांना बाजूला केलं.

काळ्याभोर अंधारात शेकडो हिरवे गोळे पेटले होते. कच्च्या कैरीचा हिरवा, पण आतून दिवा लावल्यासारखा. एकसारखे, काठोकाठ भरलेले. मी इतिहासाची शिक्षिका. मला त्यातलं काही कळत नाही. तरी मी पुन्हा डोळा लावला.

"सहाशेचाळीस पट पातळ केलं तरी चमकतंय," तिथले डॉक्टर म्हणाले.

सोमवारी बाकीचे कागद आले. डीएनएविरुद्धच्या अँटिबॉडी खूप वाढलेल्या. सी-थ्री आणि सी-फोर, म्हणजे रक्तातली दोन प्रथिनं जी या लढाईत खर्च होतात, दोन्ही घटलेली. डॉक्टर मुजुमदारांनी जुईच्या पलंगापाशी खुर्ची ओढली आणि शोभाताईंकडे पेन दिलं. "तुम्ही गणिताच्या ना? लिहा. अभ्यासकांनी एक पद्धत ठरवली आहे. एएनएचा दरवाजा उघडला की प्रत्येक खुणेला गुण. दहाला पास."

"ताप, दोन," त्या सांगायला लागल्या. "प्लेटलेट लाखाच्या खाली, चार. गालावरची लाली, सहा. तोंडातले व्रण आणि केस त्याच गटात येतात, म्हणून त्यांचे वेगळे धरायचे नाहीत. सांधे, सहा. लघवीतलं प्रोटीन, चार. सी-थ्री, सी-फोर दोन्ही कमी, चार. डीएनए, सहा."

शोभाताईंनी बेरीज केली. "बत्तीस."

"दहापैकी बत्तीस?" जुई ताडकन उठून बसली. "मॅडम, इतने नंबर तो मुझे कभी नहीं मिले!"

सगळे हसलो. शोभाताई हसता हसता रडल्या. डॉक्टर म्हणाल्या, "हे गुण संशोधनासाठी आहेत हं, निदान शेवटी माणूसच करतो. कुणाचे गुण कमी असतात आणि तरी लुपस असतो. पण हिच्या बाबतीत मला शंका नाही. आता एकच प्रश्न उरला, मूत्रपिंडात किती खोलवर गेलंय. त्यासाठी तिथला तुकडा काढून बघायचा."

प्लेटलेट जरा वर आल्यावर बायोप्सी झाली. सोनोग्राफीवर बघत, बारीक सुईने. त्यात सहा वर्गांपैकी चौथ्या वर्गाचा दाह निघाला. जोरदार, पण ताजा. कायमचे व्रण जवळजवळ नव्हते. "वेळेत," डॉक्टर म्हणाल्या. तो एक शब्द आईंनी घरी येऊन आम्हाला चार वेळा ऐकवला.

त्याच संध्याकाळी त्या एकट्या गच्चीत बसल्या होत्या. मी चहा घेऊन गेले. म्हणाल्या, "श्रुती, पोरीला एवढं मोठं दुखणं निघालं आणि मला त्या कांड्या काचेवर बघून आनंद झाला. अगदी उडीच मारली मी. बरं नव्हे ते."

"जुईला विचारा," मी म्हटलं.

त्यांनी खरंच विचारलं, दुसऱ्या दिवशी, हॉस्पिटलात. जुई म्हणाली, "काकू, चार महिन्यांत माझ्यामुळे खूश झालेल्या तुम्ही पहिल्या."

औषधं सोपी नव्हती. स्टेरॉइडने जुईचा चेहरा गोल झाला. आरशासमोर ती दोनदा खूप रडली. दुसऱ्या गोळ्यांनी पोट बिघडायचं. तिसरी गोळी, जी वर्षानुवर्षं घ्यायची, तिच्यासाठी दर वर्षी डोळे तपासायचे. ऊन टाळायचं. नॅशनलची निवड गेली. पण महिन्यात बोटं वळायला लागली, तीन महिन्यांत प्रोटीन निम्म्यावर आलं, नवव्या महिन्यात जवळजवळ नॉर्मल. बरा होऊन निघून जाणारा हा आजार नाही, हे तिला माहीत आहे. तो ताब्यात आहे.

आणि आईंचं? हॉस्पिटलने त्यांना दर शनिवारी डिप्लोमाच्या मुलांना लघवीची सूक्ष्म तपासणी शिकवायला बोलावलं. पहिल्या तासाच्या आधी त्यांनी तीन दिवस बाबांना समोर बसवून भाषणाचा सराव केला. बाबांना आता सेंट्रिफ्यूजचा वेग पाठ आहे. डॉक्टर बोकारेंनी लॅबमध्ये नवा मायक्रोस्कोप घेतला, आणि मशीनच्या शेजारी नियम लावला: प्रत्येक सँपल, ताजं असताना.

गेल्या रविवारी जुई पहाटेच दारात उभी. ऊन चढायच्या आत तिचा सराव संपतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत क्रीम, मोठी टोपी. "काकू, चला. आज तुम्हाला पाण्यात नेते."

आई जन्मापासून भोपाळमध्ये. तलाव फक्त काठावरून, भुट्टा खाता खाता बघितलेला. "मला पोहता येत नाही ग," म्हणत म्हणत त्यांनी साडीऐवजी माझी सलवार-कमीज चढवली, त्यावर नारिंगी लाइफ जॅकेट. कोचनी दोघींची रुंद कयाक धरून ठेवली, आई आत बसल्या, आणि बोट डुलली तशी दोन्ही कडा घट्ट पकडल्या.

"काकू, हात सोडा. चप्पू घ्या."

मी आणि बाबा काठावर. पूर्वेला नुकतं फटफटत होतं, पाणी सपाट. पहिले चार फटकारे नुसतं पाणी उडालं, जुई नखशिखांत भिजली. मग कसा कोण जाणे, दोघींचा ताल जुळला आणि बोट सरसर पुढे निघाली. किनारा लांब जायला लागला तसं मला वाटलं, आता आई परत फिरा म्हणतील.

पाण्यावरून त्यांचा आवाज स्पष्ट आला. "जुई, हळू का मारतेस? जोरात मार की!"